काळा वाजतो तोवर

मी फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी नाक मुरडायला नको. आमच्या कारखान्यात फटकळ मी आणि अबोल माझी नणंद. आम्हा दोघींच्या मधे हे असायचे, म्हणजे माझे यजमान. एकीला गप्प करायचे, दुसरीला बोलतं करायचे, आणि स्वतः चाकावर बसून हसायचे. गेल्या वर्षी ते गेले. तेव्हापासून आम्ही दोघी समोरासमोर आहोत, मधे नुसतं टेबल.

कारखाना म्हणजे काही फार मोठा नाही. खाली पुढे छोटं दुकान, मागे चाकाची खोली, भट्टीची खोली आणि टेबलाची खोली. वर आम्ही राहतो. चिनी मातीच्या बरण्या, वाडगे, ताटल्या करतो. वरून काचेसारखी पांढरी झिलई, आणि त्या झिलईला मुद्दाम पाडलेले तडे. नव्या गिऱ्हाइकाला वाटतं, ही बाई फुटकी भांडी गळ्यात मारते की काय! फुटकी नाहीत हो. भांडं शाबूत असतं, वरची झिलईच तेवढी तडकते. भट्टीतून बाहेर काढलं की निवता निवता भांडं वाजायला लागतं. आधी मोठे तडे जातात, त्यांचा आवाज जाड, टण्ण. मग भांडं थोडा वेळ गप्प बसतं. आणि मग बारीक तडे सुरू होतात, टिक टिक टिक, ते पुढे कितीतरी दिवस चालूच राहतात.

मधल्या त्या गप्प वेळात काळी शाई चोळायची. मोठ्या तड्यांत काळं उतरतं. बारीक तडे मागाहून उठतात, त्यांना काही दिवसांनी कडक चहाचं पाणी पाजायचं, ते सोनेरी होतात. पांढऱ्यावर काळ्या फांद्या आणि त्यांच्या मधून सोनेरी जाळी, हे आमचं काम. या घरात चहा आधी भांड्याला मिळतो, मग माणसाला, असं हे येईल त्याला सांगायचे.

शाई लवकर चोळली तर काळी रेघ अर्धवट राहते. उशीर झाला तर बारीक तड्यांतही काळं शिरतं, सोनेरीला जागाच उरत नाही, आणि अख्खं भांडं जळमट धरल्यासारखं दिसतं. शिरलेलं काळं मग कशानंही निघत नाही. म्हणून सगळा खेळ त्या वेळेचा. आणि ती वेळ सांगायची वन्संनी.

वन्सं ह्यांच्या थोरल्या बहीण. लग्न केलं नाही, गाव सोडलं नाही, कारखान्याबाहेर दोन दिवस कधी राहिल्या नाहीत. भांडं टेबलावरच्या घोंगडीवर ठेवलं की दारं-खिडक्या लावायच्या, पंखा बंद, कुणी शिंकायचं नाही. वन्सं टेबलाच्या कडेला हनुवटी टेकून डोळे मिटायच्या आणि हळूच म्हणायच्या, "काळा... काळा... अजून काळा..." मोठ्या तड्याचा आवाज त्यांना काळा ऐकू यायचा आणि बारकाचा पिवळा. मला तर बाई टण्ण आणि टिक यापलीकडे कधी काही कळलं नाही. नवीन नवरी होते तेव्हा एकदा विचारलं होतं, "वन्सं, आवाज काळा म्हणजे कसा हो?" त्या म्हणाल्या, "तुला मीठ खारट लागतं, ते कसं लागतं?" मी गप्प बसले. मी गप्प बसले याचीच घरात महिनाभर चर्चा होती.

काळे आवाज थांबले की वन्सं डोळे न उघडता म्हणायच्या, "घे." मग मी शाईचा बोळा उचलायचा. त्यांच्या शब्दाआधी शाईला हात लावायचा नाही, हा ह्यांनी घातलेला दंडक होता आणि मी तो कधी मोडला नाही. माझं दुसरं काम भांड्यावर तळहात ठेवून बसायचं. गरम भांड्याला शाई चालत नाही, वरच्यावर वाळून जाते, आत उतरत नाही. त्यामुळे भांडं निवलं की नाही हे माझा हात सांगणार, थांबलं की नाही हे त्यांचा कान सांगणार. हे म्हणायचे, "अक्काला कानानं दिसतं आणि हिला हातानं. मी आपला आंधळा, चाक फिरवतो." अक्का म्हणजे वन्संच.

हे गेल्यावर चाकावर आमचा जुना कारागीर बसायला लागला आणि काम चालू राहिलं. मग एकदा वाडग्यांची एक अख्खी खेप काळी पडली. वन्सं "काळा, काळा" म्हणत राहिल्या, मी हात ठेवून बसून राहिले, आणि शेवटी "घे" आलं तेव्हा शाई चोळून पुसते तो काय, सगळ्या वाडग्यांवर काळं जाळं. वन्संनी एक वाडगा उचलला, उजेडाकडे धरला आणि खाली ठेवला.

"शाई पातळ केलीस," त्या म्हणाल्या.

"मी? अहो, त्याच बाटलीतली शाई आहे!"

"मग बाटलीत पाणी गेलं असेल."

माझं डोकंच फिरलं. इतक्या वर्षांत माझ्या शाईला कुणी नाव ठेवलं नव्हतं. तरी मी नवी शाई घोटली, दोनदा गाळली, त्यांच्या नाकासमोर नेऊन ठेवली. पुढच्या खेपेला ताटल्या होत्या. त्याही तशाच गेल्या. या वेळी वन्संनी भट्टीवाल्याला धरलं, म्हणे भट्टी घाईनं उघडली. भट्टीवाला आमच्याकडे मिसरूड फुटल्यापासून आहे. तो म्हणाला, "अक्का, मी आणि घाई? माझं लग्न ठरल्यावर चार वर्षांनी झालं, ते माझ्यामुळेच." कुणी हसलं नाही. वन्सं मला म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही जरा लक्ष देऊन काम करत जा." वन्सं एरवी मला 'तू' म्हणतात. 'वहिनी, तुम्ही' म्हटलं की समजायचं, आज जेवणाच्या ताटावरही शब्द निघणार नाही.

मी चिडले होते हे खरं. पण चिडण्याच्या खाली मला भीती वाटायला लागली होती. कारण घरात नळाचं प्रकरण सुरू झालं होतं. जेवता जेवता वन्सं मधेच उठायच्या, मोरीत जायच्या, नळ आवळून परत यायच्या. "गळतोय," म्हणायच्या. मी जाऊन बघायचे तर नळाखालची फरशी कोरडी ठक्क. दिवसातून चार वेळा त्या नळाशी. शेवटी नळवाल्याला बोलावलं. त्यानं नळ उघडला, बंद केला, पुन्हा उघडला, आणि माझ्याकडे असं बघितलं की आता या म्हातारीचं काय करायचं. मला त्याचा राग आला. चहा पाजला आणि वाटेला लावला.

जाताना त्याच्या खांद्यावरच्या पिशवीनं चाकाच्या खोलीतल्या फळीला धक्का दिला आणि फळीवरची बरणी डुगडुगली.

ती बरणी ह्यांची. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी चाकावरून उतरवलेली, गुडघ्याइतकी उंच, पोटाला भरलेली. माती सुकून किती आवळली हे बघायला ह्यांनी गळ्याशी अंगठा दाबला होता, तो ठसा तसाच राहिला. "आल्यावर भाजू," म्हणाले होते. आले नाहीत. त्यांची बाकी सगळी भांडी विकली गेली होती, लोकांच्या घरी गेली होती. आमच्याकडे त्यांच्या हातचं एवढंच, आणि तेही कच्चं. कच्च्या मातीचं काय हो, एक धक्का आणि धूळ.

मी धावत जाऊन बरणी धरली. वन्सं दारात उभ्या होत्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"पुढच्या भट्टीत ही लावायची," त्या म्हणाल्या.

"वन्सं, थोडं थांबू या का? हल्लीच्या खेपा..."

"म्हणूनच," त्या म्हणाल्या. "हिला मी स्वतः ऐकणार. तुझी शाई तू बघ."

बरणी भाजली, झिलई चढली, पुन्हा भट्टीत गेली. भट्टी विझवून निवायला ठेवली तेव्हा आता मागे फिरायची सोय उरली नाही. आणि त्याच दुपारी मी कापडाचे बोळे ठेवायला टेबलाच्या खोलीत गेले, तर दारं-खिडक्या लावलेल्या, पंखा बंद, आणि वन्सं हनुवटी टेकून बसलेल्या. टेबलावर काही नव्हतं. नुसती घोंगडी.

मी दारातच थांबले. माझी चाहूल त्यांना लागली नाही. मग सावली पडली म्हणून त्यांनी डोळे उघडले.

"कुठलं भांडं राहिलंय गं बाहेर?" त्यांनी विचारलं. "मघापासून काळा वाजतोय. मला सापडत नाहीये."

नळ कळला, वाडगे कळले, ताटल्या कळल्या. सगळं एका क्षणात कळलं आणि कळून काही उपयोग नव्हता. मी, जिच्या तोंडाला कधी कुलूप लागलं नाही ती, म्हणाले, "पुढच्या दुकानातलं असेल काहीतरी. बघते." आणि बाहेर येऊन भट्टीच्या खोलीत पायरीवर बसले.

भट्टीवाला विड्या वळल्यासारखा चिंध्या गुंडाळत बसला होता. त्याला सांगितलं. त्यानं हातातली चिंधी खाली ठेवली. त्यालाही ठाऊक होतं वाटतं.

"अक्कांना सांगा," तो म्हणाला.

"तुम्ही सांगा."

"मी? त्यापेक्षा मला या भट्टीत घाला." मग म्हणाला, "आणि नाही सांगितलं तर बरणी जाईल."

तेच तर होतं. सांगितलं तर वन्सं जातील, नाही सांगितलं तर बरणी. त्या बाईला नवरा नाही, मूल नाही, भाऊ होता तो गेला. कान होता. त्या कानावर हा कारखाना उभा राहिला, आणि मी तिच्यासमोर जाऊन म्हणायचं की वन्सं, तुमचा कान गेला? कुठल्या तोंडानं? आणि दुसरीकडे ह्यांचा अंगठा. रात्रभर माझा डोळा लागला नाही. सकाळी उठले तेव्हाही काही ठरलेलं नव्हतं.

भट्टी उघडली. बरणी आली ती इतकी सुरेख आली होती की भट्टीवाल्यानं टोपी काढली. दोघांनी मिळून ती जाड कापडात धरून टेबलावर ठेवली. भट्टीवाला बाहेर गेला, मी दारं लावली. वन्संनी हनुवटी टेकली. मी बरणीच्या पोटाजवळ हात धरला, मग जरा निवल्यावर टेकवला.

टण्ण. पहिला तडा गळ्यापासून पोटापर्यंत गेला, डोळ्यांना दिसला.

"काळा," वन्सं म्हणाल्या.

टण्ण. टण्ण. प्रत्येक तड्याला माझ्या तळहाताखाली एक बारीकसा ठोका लागत होता. हे मला नेहमीच लागत आलंय. त्याचं मी कधी काही केलं नाही, कारण ऐकायला वन्सं होत्या. पोळी लाटताना लाटण्याखाली कणकेतला खडा लागतो ना, तसा तो ठोका लागतो. ठोक्यामागून ठोके आले. मग विरळ झाले. मग एक आला, आणि त्याच्यानंतर काही आलं नाही.

बरणी गप्प झाली. हातालाही कोमट, शाईला अगदी तयार.

"काळा," वन्सं म्हणाल्या. "अजून काळा."

मी त्यांच्याकडे बघितलं. मिटलेले डोळे, कपाळावर आठी, आणि सगळा जीव कानात गोळा केलेला. भावाची बरणी ऐकत होत्या त्या. खोटं काही करत नव्हत्या. त्यांना खरोखरच वाजत होतं.

"काळा..."

मी दुसऱ्या हातानं त्यांचं मनगट धरलं, त्यांचा तळहात बरणीवर ठेवला आणि वर माझा हात दाबला.

"सोड. ऐकू दे," त्या पुटपुटल्या.

मी सोडलं नाही. त्यांनी हात ओढून बघितला, मी आणखी दाबला. मग त्या स्थिर झाल्या. हळूहळू त्यांचे डोळे उघडले. त्या आधी बरणीकडे बघत राहिल्या, मग आपल्या हाताकडे.

"काळा," त्या म्हणाल्या, पण या वेळी विचारल्यासारखं. आणि मग, "हाताला काही लागत नाहीये."

"नाही लागत," मी म्हटलं.

"मग हे काय वाजतंय?"

आता पळायला जागा नव्हती. "ते तुमच्या कानातच वाजतंय, वन्सं," मी म्हटलं. "बरणी केव्हाची गप्प आहे. नळही गळत नव्हता. काल टेबलावर काहीच नव्हतं."

त्यांनी हात काढून घेतला आणि मांडीवर ठेवला. मला वाटलं होतं त्या ओरडतील, 'वहिनी, तुम्ही' म्हणतील. काहीच नाही. नुसत्या बसून राहिल्या. मी बोळा शाईत बुडवून धरला होता. शाई वाटीत टपटप पडत होती. शब्द यायचा होता आणि शब्द येत नव्हता.

तेवढ्यात माझ्या तळहाताला गळ्याकडून काहीतरी लागलं. अगदी बारीक. पुन्हा एक. पिवळे सुरू झाले होते.

आता चोळायला हवं होतं. त्या क्षणी. मला कळत होतं, हात शिवशिवत होता, समोर ह्यांचा अंगठा होता. पण मी चोळलं असतं तर त्या टेबलाशी वन्सं पुन्हा कधी बसल्या नसत्या, हेही मला तितकंच कळत होतं. ह्यांनी दंडक घातला तो भांड्यांसाठी की बहिणीसाठी, हे आता कुणाला विचारणार? मी थांबले. बारीक ठोके येत राहिले, आणि मी थांबले. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते पुसायलाही हात मोकळा नव्हता.

वन्संनी माझ्याकडे बघितलं. मग त्यांनी आपणहून हात उचलला आणि बरणीवर ठेवला, गळ्याजवळ.

"सुरू झालं का गं?"

"झालं."

"मग बसलीयेस काय अशी? घे!"

मी घेतलं. इतक्या घाईनं मी आयुष्यात शाई चोळली नव्हती. वन्सं उठल्या, दुसरा बोळा घेतला आणि पलीकडून चोळायला लागल्या. शाईला त्यांनी कधी हात लावला नव्हता, कोपरापर्यंत काळ्या झाल्या. पुसून काढल्यावर आम्ही दोघींनी बरणी उजेडाकडे फिरवली. पोटावर काळ्या फांद्या स्वच्छ उमटल्या होत्या. फक्त गळ्याशी, जिथून पिवळे आधी सुरू झाले तिथे, अंगठ्याच्या ठशाभोवती बारीक काळं जाळं धरलं होतं, तळहाताएवढं.

"माझ्यामुळे," वन्सं म्हणाल्या.

"मी थांबले म्हणून," मी म्हटलं. "आणि पुन्हा वेळ आली तरी थांबेन. आता यावर वाद नको."

काही दिवसांनी चहा पाजला. बाकी बरणी सोनेरी झाली. अंगठा तेवढा काळ्यात राहिला. आमची लेक सासरहून येऊन बघून गेली, म्हणाली, आई, तेवढं बिघडलं ना? मी म्हटलं, नाही, तेवढं बाबांचं आहे. बरणी आता वरच्या खोलीत असते. विकायची नाही.

वन्संना कानाच्या डॉक्टरकडे नेलं. त्यानं तपासलं आणि सांगितलं, ऐकू येणं कमी होत जाईल आणि वाजणं राहील, त्याला औषध नाही. टेबलाशी आता त्या माझ्या शेजारी बसतात. दोघींचे हात भांड्यावर, आणि 'घे' त्याच म्हणतात. कधी चुकतात, कधी मी चुकते. काळ्या खेपा अधूनमधून निघतात. भट्टीवाला म्हणतो, दोन आंधळ्या एका भांड्याला लागल्यात. त्याला आम्ही चहा देत नाही मग.

परवा दुपारी काम नव्हतं. वन्सं रिकाम्या टेबलाशी बसल्या होत्या, खिडक्या उघड्याच होत्या. मी भाजी निवडायला तिथेच जाऊन बसले.

"सारखा काळा वाजतो गं," त्या एकदम म्हणाल्या. "उठता, बसता, जेवता. थांबतच नाही. इतका काळा वाजतो आणि शाई लावायला भांडं नाही."

इतक्या वर्षांत स्वतःबद्दल इतकं त्या पहिल्यांदा बोलल्या असतील. मी हात पदराला पुसले, उठले, आणि त्यांच्या कानावर तळहात ठेवला, भांड्यावर ठेवते तसा. त्यांनी डोळे मिटले. हाताखाली त्यांची पातळ कातडी होती, पांढरे केस, आणि आत कुठेतरी ते वाजत असणार. माझ्या हाताला काही लागलं नाही.

"काय म्हणतंय?" त्यांनी विचारलं.

"गरम आहे," मी म्हटलं. "आत्ताच शाई लावायची नाही."

त्या हसल्या. मग डोक्याचा सगळा भार त्यांनी माझ्या हातावर टाकला, आणि मी भाजी तशीच टाकून उभी राहिले.